तुमच्या सोसायटीखाली कोणतं गाव आहे? जुन्या टोपोशीटवरून पुण्याचा परिसर वाचायची रीत

पुण्यात घर घेतलं की पत्त्यात सोसायटीचं नाव येतं, रस्त्याचं येतं, नगराचं येतं, आणि मिळकतीच्या कागदावर मात्र भलतंच एखादं नाव निघतं. शिवाजीनगरकराच्या मिळकत पत्रिकेवर भांबुर्डा, कर्वेनगरकराच्या कागदावर हिंगणे बुद्रुक, मार्केट यार्डाच्या बाजूला मुंजेरी. ही गावं कुठे गेली नाहीत, त्यांच्यावर इमारती चढल्या. जुन्या टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा, पाणी, वस्ती, रस्ते दाखवणाऱ्या सरकारी मोजणीच्या नकाशावर, ती अजून गावठाण, विहिरी, ओढे आणि आमराया यांच्यासकट बसलेली दिसतात.

मी या नादाला लागलो तेव्हा सगळं एका जागी सांगणारं कुणी भेटलं नाही. नकाशा मिळवून देणाऱ्याला तो वाचता येत नव्हता, वाचणाऱ्याला संगणकावर चढवता येत नव्हता. म्हणून क्रमाने लिहितो.

आधीच एक स्पष्ट सांगतो. तुम्ही कसबा, सदाशिव, नारायण किंवा रविवार पेठेतले असाल तर टोपोशीट तुमच्या फारशा कामाची नाही. तिच्यावर अख्खं जुनं शहर म्हणजे एक लाल डाग असतो. तुमच्यासाठी नगर भूमापनाचे नकाशे आणि जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहितीपोथी, जास्त बोलकं. टोपोशीटची खरी मजा कोथरूड, एरंडवणे, धनकवडी, पाषाण, बाणेर, हडपसर, वानवडी, येरवडा अशा गिळलेल्या गावांत आहे.

काय काय लागेल

- परिसराची निदान एक जुनी टोपोशीट, शक्यतो स्कॅन केलेली
- आजची १:५०,००० प्रमाणाची शीट, तुलनेसाठी
- संगणक, त्यावर गूगल अर्थ प्रो किंवा क्यूजीआयएस (दोन्ही फुकट)
- गाव नकाशा
- वही, पेन्सिल, मोबाइलचं जीपीएस, चालायचे बूट
- ग्रंथालयात दाखवायला ओळखपत्र आणि कशासाठी हवं आहे ते सांगणारं चार ओळींचं पत्र. बऱ्याच ठिकाणी या पत्रावरच काम होतं.

१. परिसर लहान धरा

"मला जुनं पुणं बघायचंय" असं म्हणून सुरुवात केली तर तीन संध्याकाळी नकाशा न्याहाळण्यात जातील आणि हाती काही लागणार नाही. घरापासून दोनेक किलोमीटरचा टापू घ्या आणि एक प्रश्न ठरवा: आमच्या मागचा नाला कुठून येतो? हा रस्ता असा वाकडा का? देवळाभोवतीच्या गल्ल्याच तेवढ्या अरुंद का?

२. शीटचा नंबर शोधा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीत पुणे ४७ एफ या चौकोनात येतं. हा चौकोन एक अंश बाय एक अंश आहे: अक्षांश १८ ते १९, रेखांश ७३ ते ७४. त्याचे सोळा तुकडे, प्रत्येक १५ मिनिटांचा. शहराला दोन तुकडे लागतात, ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५.

दोन का, याची गंमत आहे. या दोन शीटची शिवण म्हणजे अठरा अंश तीस मिनिटांचा अक्षांश, आणि तो स्वारगेटच्या जवळून जातो. त्यामुळे कोथरूड एका शीटवर, कर्वेनगर दुसऱ्या. पर्वती, धनकवडी, कात्रज, खडकवासला, सिंहगड १५ वर. शिवाजीनगर, खडकी, येरवडा, औंध १४ वर. हडपसरवाल्यांना दोन्ही लागतात. हिंजवडी आणखी पश्चिमेला ४७ एफ/१० मध्ये जाते, आणि लोणी काळभोरकडे ७४ रेखांश ओलांडलात की ४७ जे सुरू होतं. नवख्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो: एकच शीट मिळवतात, ओढा कागदाच्या कडेला संपतो आणि त्यांना वाटतं ओढाच संपला.

नव्या ओपन सिरीज, म्हणजे सर्वांसाठी खुल्या, शीटचे नंबर वेगळे असतात. नंबरावर भिस्त न ठेवता कोपऱ्यातले अक्षांश-रेखांश पाहून जुळवा.

३. नकाशा मिळवा

आजची शीट सर्वात सोपी. सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,०००ची पीडीएफ उतरवता येते. विभागाचं महाराष्ट्र-गोव्यासाठीचं कार्यालय पुण्यातच, आळंदी रस्त्याला फुलेनगरात आहे. छापील प्रतींची चौकशी तिथे करा.

जुन्या आवृत्त्यांसाठी थोडे जोडे झिजवावे लागतात. महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठाच्या भूगोल विभागांत प्रात्यक्षिकांसाठी जुन्या टोपोशीट ठेवलेल्या असतात. बहुतेक वेळा विभागातल्या सरांशी बोलून, सुट्टीचे दिवस टाळून गेलात तर बघायला मिळतात. फोटो काढायची परवानगी आधी विचारा. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेजचं ग्रंथालय ही आणखी दोन ठिकाणं. पेशवे दफ्तर जिथे आहे त्या पुणे पुराभिलेखागाराकडे पहिल्याच आठवड्यात धावू नका. तिथे नेमकी मागणी करावी लागते, आणि ती कशी करायची हे नकाशा वाचून झाल्यावरच कळतं.

घरबसल्या हवं असेल तर टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाची १:२,५०,०००ची भारत-पाकिस्तान मालिका स्कॅन करून खुली ठेवली आहे. १९५०च्या दशकातली ही मालिका सर्वेक्षण विभागाच्या कामावरच बेतलेली आहे. प्रमाण लहान असल्याने गल्लीबोळ दिसत नाहीत, पण नद्या, घाट, जुने रस्ते यांचा सांगाडा छान कळतो. आणि १८८५ साली तीन भागांत निघालेलं मुंबई इलाख्याचं पुणे जिल्हा गॅझेटियर, म्हणजे अठरावा खंड, इंटरनेट अर्काइव्हवर पूर्ण वाचता येतं. त्याचा तिसरा भाग नकाशाच्या शेजारी उघडा ठेवावा असा आहे.

४. नकाशाचं खरं वय काढा

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि मग "१९७५ साली इथे शेत होतं" असं बिनधास्त सांगतात. शीटवर मोठ्या अक्षरात असतं ते छपाईचं किंवा आवृत्तीचं साल. मोजणी त्याआधी कितीतरी वर्षं झालेली असू शकते. समासात बारीक अक्षरात मोजणीची वर्षं दिलेली असतात, शिवाय रस्ते किंवा रेल्वे अमुक सालापर्यंत दुरुस्त, अशीही टीप असते. म्हणजे एकाच कागदावर रेल्वे नवी आणि शेजारचं गाव जुनं असं सहज घडतं.

समास फाटलेला असेल किंवा स्कॅनमध्ये कापला गेला असेल तरी पुण्याच्या शीटचं वय काढता येतं, कारण आपल्याकडे धरणं आहेत. खडकवासल्याचा जलाशय एकोणिसाव्या शतकातला. जुन्या शीटवर तो लेक फाइफ या नावाने सापडेल. पश्चिमेच्या शीटवर मुळशीचा तलाव असेल तर नकाशा १९२०च्या दशकानंतरचा, ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला ते हे धरण. पानशेतच्या जागी नुसती आंबी नदीची रेघ असेल तर मोजणी १९६१च्या आधीची, किंवा त्या साली फुटलेलं धरण पुन्हा उभं राहण्याच्या आधीची. खडकवासल्याच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी दिसते का, हेही पाहा. ती १९५५ साली तिथे सुरू झाली.

मिरजेकडे जाणारा लोहमार्ग मीटरगेजच्या खुणेने काढलेला असेल तर शीट साधारण १९७० किंवा त्याआधीची समजा. अंतरं मैलांत आणि उंची फुटांत असेल, प्रमाण एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० असेल, तर ती दशमान पद्धतीच्या आधीची पिढी. शहराचं इंग्रजी नाव अधिकृतरीत्या १९७८ साली बदललं, पण जुन्या ठशांवरून नंतर छापलेल्या प्रती असू शकतात, त्यामुळे स्पेलिंग हा दुय्यम पुरावा धरा.

५. खुणा आणि रंग

खुणांची यादी शीटच्या तळाशी असते, ती एकदा नीट वाचा. पुण्यात कामाला येणाऱ्या तेवढ्या सांगतो. तपकिरी रेषा समोच्च, म्हणजे एकाच उंचीच्या. त्यांच्यातलं अंतर समासात लिहिलेलं असतं. पिवळा रंग लागवडीचा, हिरवा झाडीचा, लाल वस्ती आणि रस्त्यांचा. निळं म्हणजे वाहतं किंवा साठलेलं पाणी. पण आपले बहुतेक ओढे पावसाळ्यापुरते, आणि ते काळ्या रेषेने काढलेले असतात. काळी रेष पायवाट समजून पुढे गेलात तर सगळाच अर्थ बिघडतो.

विहिरीची खूण लहान वर्तुळ. बांध किंवा विहिरीजवळ आकड्यापुढे बारीक इंग्रजी आर दिसला तर तो समुद्रसपाटीपासूनचा आकडा नाही. आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची किंवा खोली आहे. त्रिकोणात टिंब म्हणजे त्रिकोणमितीय मोजणीचं ठाणं, बहुधा टेकडीच्या माथ्यावर.

नावं उच्चारून वाचा. मोजणीदाराने कानावर पडलं तसं लिहून घेतलं आणि इंग्रजीत बसवलं. पर्वती, खडकी, येरवडा, खडकवासला यांची स्पेलिंगं शीटगणिक बदलतात. गावाच्या नावापुढची बीके आणि केएच ही अक्षरं बुद्रुक आणि खुर्दची. ती सोडू नका. वडगाव, आंबेगाव, कोंढवा, हिंगणे ही सगळी जोडगावं आहेत. हिंगणे बुद्रुक मुठेच्या एका काठाला आणि हिंगणे खुर्द दुसऱ्या, तेव्हा अक्षर चुकलं तर तुम्ही नदीपलीकडे पोचता.

६. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवा

सोपा मार्ग गूगल अर्थ प्रोचा. शीटचं चित्र आच्छादन म्हणून टाका, पारदर्शकता कमी-जास्त करत कोपरे ओढून जुळवा. पहिल्या प्रयत्नासाठी एवढं पुरे.

नेमकेपणा हवा असेल तर क्यूजीआयएसमधलं जिओरेफरन्सर, म्हणजे चित्राला अक्षांश-रेखांश जोडणारं साधन, वापरा. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टाकून झटपट मोकळं होण्याचा मोह होईल, पण तिथे सापळा आहे. जुन्या शीट एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती नमुन्यावर, मोजलेल्या आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या नमुन्यावर चालतं. हा फरक लक्षात न घेता आकडे टाकले तर पुण्यात नकाशा शंभर मीटरच्या आसपास सरकतो. संदर्भप्रणाली निवडताना कल्याणपूर १९७५ (ईपीएसजी ४१४६) घ्या, मग तो बराच जागेवर येतो. एकोणिसाव्या शतकातल्या शीटवर तर रेखांशच सुमारे अडीच मिनिटांनी सरकलेले असू शकतात, म्हणजे पुण्यात चार किलोमीटरहून जास्त.

म्हणून मला कोपऱ्यांपेक्षा जमिनीवरचे बिंदू जास्त भरवशाचे वाटतात. जे हललेलं नाही ते धरा: पर्वतीचं देऊळ, संगमावरचा रेल्वे पूल, चतुःशृंगी, पाताळेश्वर, सिंहगडाचा दरवाजा, वेताळ टेकडीचा माथा. निदान सहा बिंदू घ्या आणि ते शीटभर पसरलेले असू द्या. नदीचा काठ, रस्त्याचा चौक किंवा खडकवासल्याच्या पाण्याची कड कधीही बिंदू म्हणून घेऊ नका.

अचूकतेची मर्यादाही लक्षात असू द्या. इंची शीटवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर. घडीमुळे कागद ताणलेला, स्कॅन किंचित तिरका. या सगळ्यातून पन्नासेक मीटरची चूक उरली तर काम चोख झालं समजा. "आमच्या बी विंगखाली विहीर होती" हे त्यावरून सांगता येत नाही. "आमच्या आवारात किंवा शेजारी विहीर होती" एवढं सांगता येतं.

७. आधी पाण्याची रेष धरा

बहुतेक जण आधी रस्ते बघतात. माझा आग्रह पाण्याचा आहे. पुण्यात रस्ते रुंद झाले, नावं बदलली, वाडे पडले, पण उतार तोच राहिला आणि पाणी उतारानेच जातं. पाण्याची रेष हाती आली की गावठाण, मळे, देवळं आणि पायवाटा आपोआप उलगडतात, कारण त्या सगळ्या पाण्याला धरूनच बसल्या होत्या.

सरावासाठी उत्तम उदाहरण मुठेच्या कालव्यांचं. खडकवासल्याहून दोन कालवे निघत. उजवा पर्वतीच्या पायथ्याने स्वारगेट, हडपसरकडे जातो आणि आजही वाहतो. डावा कर्वेनगर, एरंडवण्यावरून खडकीच्या दिशेने जाई. जुन्या शीटवर तो टेकडीच्या पायथ्याशी एका समोच्च रेषेला चिकटून वळणं घेताना दिसतो, कारण कालव्याला उतार अगदी थोडा थोडा द्यावा लागतो. आता तो वाहत नाही. पण नकाशा चढवून बघा: लॉ कॉलेज रस्त्याच्या मागचा कॅनॉल रोड इतका नागमोडी का आहे, ते तिथल्या तिथे कळेल. शेजारचे रस्ते सरळ आखलेले आणि हा एकटाच टेकडीचं ऐकणारा. शीट १५ वरून सुरू करून १४ वर या, आणि मग तीच वाट पायाखाली घाला.

दुसरं उदाहरण आंबिल ओढा. कात्रजच्या बाजूने उतरून धनकवडी, सहकारनगर, पर्वती, दत्तवाडीवरून तो मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री या ओढ्याने काय केलं ते पुणेकरांना सांगायला नको. जुन्या शीटवर त्याला मिळणाऱ्या बारीक काळ्या रेषा मोजा, आणि आज त्यातल्या किती उघड्या दिसतात ते पाहा. पर्वतीच्या पायथ्याचं तळंही शोधा. सारसबागेतल्या गणपतीला तळ्यातला गणपती का म्हणतात, हे त्या निळ्या आकाराकडे बघून कुणालाही समजेल.

इथेच टोपोशीटची एक मर्यादाही दिसते. ओढ्याचा प्रवाह पेशवाईत वळवण्यात आला होता आणि कात्रजच्या तलावातून शहराला नळाने पाणी आणलं होतं. टोपोशीट या सगळ्यानंतरची आहे. तिच्यावर दिसतो तो ओढ्याचा मूळ मार्ग, असं समजू नका. त्याआधीचं हवं असेल तर मोडी कागदांकडे वळायला लागतं.

८. चालायला जा, पण आधी बोला

हवाई चित्रात जुनं गावठाण लगेच ओळखू येतं: सरळ रेषांच्या प्लॉटमध्ये मधेच वाकड्यातिकड्या गल्ल्यांचा पुंजका. कोथरूडला म्हातोबाच्या देवळाभोवती, शिवाजीनगर गावठाणात रोकडोबाभोवती तो अजून शाबूत आहे. पार, तालीम, चावडीची जागा, जुन्या विहिरीवरची जाळी, एवढं डोळ्यांसमोर ठेवून फिरा.

गावठाणातल्या जुन्या माणसांसमोर नकाशा पसरून "हे कुठे आहे?" विचारलंत तर ते गप्प होतील. सरकारी मोजणीवाले आले अशी शंका येते, आणि पुण्यात जमिनीच्या बाबतीत ती शंका रास्त आहे. नकाशा पिशवीतच असू द्या. "आजी, पाणी भरायला कोणत्या विहिरीवर जायचात?", "आबा, यात्रेला गाड्या कुठून वळायच्या?", "पानशेतच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" असे प्रश्न विचारा. १२ जुलै १९६१ची आठवण ज्यांना आहे त्यांच्याशी बोलणं पुढे ढकलू नका. गोखलेनगर, लोकमान्यनगर या पूरग्रस्तांच्या वसाहती जुन्या शीटवर का नाहीत, हे त्यांच्याकडून ऐकणं नकाशापेक्षा मोलाचं आहे.

खडकी आणि पुणे कॅन्टोन्मेंट, लोहगावचा विमानतळ, प्रबोधिनीचा परिसर इथे कॅमेरा काढताना पाट्या वाचा, आणि ड्रोनचा विचारही करू नका. खुल्या शीटवर लष्करी भाग मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. तिथे काही नव्हतं असा निष्कर्ष काढू नका.

९. गाव नकाशाशी ताडून पाहा

ओढा कुठल्या गटातून जातो, गावाची शीव कुठे, पाणंद कुठली, हे टोपोशीट सांगत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याचा गाव नकाशा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर बरीच गावं पाहता येतात, पण शहरात नगर भूमापन झालेल्या भागासाठी संबंधित नगर भूमापन कार्यालयात नक्कल मागावी लागते. अर्जात गावाचं जुनं नाव लिहा, "शिवाजीनगर" नव्हे, "भांबुर्डा".

टोपोशीट घेऊन शेजाऱ्याशी हद्दीचा वाद घालायला जाऊ नका. हद्दीसाठी मोजणी आणि गाव नकाशा लागतो. नाला बुजवल्याची तक्रार करायची असेल तर इथे प्रवाह होता एवढं दाखवायला टोपोशीट उपयोगी पडते, तो नेमका किती रुंद होता हे सांगायला नाही.

१०. नोंद ठेवा

प्रत्येक निरीक्षणापुढे शीटचा नंबर, मोजणीचं वर्ष, आवृत्ती आणि ती प्रत कुठे पाहिली ते लिहा. ऐकीव माहितीपुढे सांगणाऱ्याचं अंदाजे वय आणि गाव पुरेसं आहे. नाव त्यांच्या परवानगीनेच. भारतात सरकारी प्रकाशनावरचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. त्याहून जुनी शीट सोसायटीच्या फलकावर लावायला अडचण नाही. नव्या शीटचा तुकडा वापरायचा असेल तर आधी विभागाच्या अटी वाचा. आणि फलकावर लावताना आजच्या दोन-तीन ठळक जागा, म्हणजे देऊळ, रेल्वे फाटक, शाळा, लाल पेनाने दाखवा, नाहीतर लिफ्टची वाट बघणारे लोक "आपली बिल्डिंग कुठंय?" एवढंच विचारत बसतात.